आठवी ब आवरत नाहीये, बी.एड. इंटर्नशिप चालू आहे, प्लीज मदत करा

नमस्कार मंडळी. बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे, 16 आठवड्यांची इंटर्नशिप असते त्यातला हा माझा पाचवा. शाळा अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली आहे, नाव सांगत नाही. विषय विज्ञान-गणित. सहावी गोड आहे, सातवी चालून जाते, पण आठवी ब ने माझा पार भुगा केलाय.

पटावर 58. उच्च प्राथमिकला 35 मुलांमागे एक शिक्षक हे मी पेपरात लिहून मार्क मिळवलेत, ते जाऊ द्या. माझा तास मधल्या सुट्टीनंतरचा, म्हणजे खिचडी खाऊन, ग्राउंडवर लोळून आलेली पोरं, वर पत्रे, लाइट असली तर पंखा. मी शिरते तेव्हा अर्धे उभे असतात, कोणाची चप्पल कोणाच्या तरी दप्तरात असते, त्यावरून भांडण, आणि मी "शांत बसा" म्हणाले की मागून माझ्याच आवाजात "शांत बसा" येतं. हुबेहूब. मला स्वतःला हसू आलं एकदा, तिथेच गेम संपला.

कॉलेजात सूक्ष्म अध्यापन केलं तेव्हा समोर आमच्याच 10 मैत्रिणी, सहा मिनिटांचा पाठ, चेतक बदल कौशल्याला (आवाज, हावभाव, जागा बदलत वर्गाचं लक्ष धरून ठेवायचं ते) मॅडमनी "उत्तम" शेरा दिला होता. इथे चेतक तेच बदलतात, मी एका जागी उभी असते.

अजून एक गंमत म्हणजे भाषा. मी यावलकडची, घरात लेवा बोली. इथली पोरं आपसात सगळं अहिराणीत बोलतात. परवा धीर करून म्हणाले, "तठे काय चालू शे रे?" तर अख्खा वर्ग बाक वाजवून हसला, दहा मिनिटं गेली त्यात. मी काय चुकीचं बोलले ते अजून कोणी सांगितलं नाही.

वर्गशिक्षक सर नुसते दारात आले तरी टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता. ते गेले की दुप्पट. म्हणजे पोरांना शांत बसता येतं, माझ्यासमोर बसायचं नसतं.

आता मुख्य प्रकार सांगते. सोमवारी आम्ल-आम्लारी होतं. हळदीचे कागद रात्री रूमवर बसून केले, बोटं अजून पिवळी आहेत. साबणाचं पाणी सहा वाट्यांत. एका थेंबाने कागद लाल झाला आणि पहिल्यांदा, खरंच पहिल्यांदा, सगळे गप्प झाले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा तो (आवाज काढणारा हाच) ओरडला, "म्याडम, खिचडीना डाग! साबन लावा का लाल व्हस!" बरोबर होतं हो त्याचं. पण मी घाबरून म्हणाले, "हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही." झालं. दोन मिनिटांत साबणाचं पाणी एकमेकांच्या पाठीवर, एक मुलगी रडतेय, शेजारच्या वर्गातल्या मॅडम खिडकीत.

हा मुलगा कापूस वेचणीमुळे आठवड्यातून दोन दिवस येत नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटतं, आणि तसं वाटतं याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढच्या गुरुवारी मेथड मॅडम (कॉलेजात विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या) याच वर्गावर निरीक्षणाला येणार आहेत. काय करू? छडी सोडून सांगा.

प्रतिसाद 1
छडी सोडून म्हणजे सगळंच सोडून. आम्ही मार खाल्ला म्हणून चार अक्षरं शिकलो. दोन जणांना पहिल्याच दिवशी हाणायचं होतं, बाकीचे 56 आपोआप सरळ.

प्रतिसाद 2
वरच्या भाऊंनी आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 17 वाचावं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे 2009 च्या कायद्यात. आणि छात्राध्यापिकेने हात उचलला तर इंटर्नशिप तर जाईलच, त्या शाळेत पुढच्या बॅचलाही कोणी घेणार नाही. ताई, तू बरोबर विचारतेयस.

प्रतिसाद 3
बेटा, मी 31 वर्षं हायस्कूलला काढली, धुळे जिल्ह्यात. पहिलं सांगतो, 58 पोरं दंगा करत नसतात. एक दिवस नीट मोज, सात-आठ निघतील, बाकीचे नुसते बघे. तू सगळ्यांवर ओरडतेस म्हणून बघेही त्यांच्या पार्टीत जातात.

गोंगाटाच्या वर आवाज चढवू नको, तुझा घसा जाईल, त्यांचं काय जातंय. मधल्या सुट्टीतच फळ्यावर दोन मिनिटांचं काम लिहून ठेव, सोपं, वहीत उतरवायचं, आणि घंटा झाली की टेबलापाशी नाही, दारात उभी राहा. एकेक जण तुझ्यासमोरून आत जाईल. जाताना नावाने बोलव. नावं येतात का तुला? नसतील तर बाकांचा नकाशा काढ आणि बसमध्ये पाठ कर. "ए मागचा" म्हटलं की मागचे बारा जण सुटतात.

शिकवताना मागच्या बाकांपाशी जाऊन उभी राहा, फळा काही पळून जात नाही.

आणि त्या पोराचं. त्याने तुझा पाठ एका वाक्यात पूर्ण केला आणि तू त्याला गप्प केलंस. माझ्याकडूनही असं झालंय, एकदा नाही. त्याला एकटं गाठून सांग की तुझं उत्तर बरोबर होतं. वर्गासमोर नको, लाजेल आणि मग अजून वात आणेल.

प्रतिसाद 4
अहिराणी चुकली नाही ताई, आमच्याकडे असंच म्हणतात 😄 मास्तरीणबाई अहिराणी बोलली याचंच हसू. बोलत रहा, चार दिवसांनी कोणी हसणार नाही. साबणाचं पाणी वाट्यांत देऊ नका फक्त, ड्रॉपर नसेल तर काडीला कापूस गुंडाळून द्या, कापसाला आपल्याकडे काय तोटा.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू. गुरुजी, मोजले. नऊ निघाले.

नावं 41 पाठ झाली. दारात उभं राहायचं दोन दिवस केलं, पहिल्या दिवशी पोरांना वाटलं चप्पल तपासतेय, सगळे पाय पुसून आत गेले. फळ्यावरचं काम निम्मे करतात, निम्मे नाही, पण उभं कोणी नसतं.

त्याला काल नळापाशी गाठलं. म्हटलं, खिचडीच्या डागाचं तू बरोबर सांगितलंस, माझंच चुकलं. तो खाली बघत बाटली भरत राहिला. मग म्हणाला, डाग उन्हात वाळवला तर फिका होतो, तो का ते तुम्ही सांगितलंच नाही. मी म्हटलं गुरुवारी लिंबू आणते, आधी लाल झालेला कागद परत पिवळा करून दाखवू, उन्हाचं त्याच्यानंतर. तर म्हणे गुरुवारी वेचणी आहे.

मेथड मॅडमना फोन केलाय, निरीक्षण शुक्रवारी होईल का म्हणून. अजून उत्तर नाही आलं.