'डायल्यूशन'ला मराठीत काय म्हणायचं? (उधारीवरच्या फायनान्समधलं, शेअरवालं नाही)

एका कराराचं मराठी करायला घेतलंय. एक कंपनी तिची गिऱ्हाइकांकडची येणी फायनान्सरला विकते आणि त्यावर पैसे उचलते, असा मामला आहे. बाकी सगळं ठीक चाललं होतं पण 'डायल्यूशन' हा शब्द दर पानावर येतोय आणि वर त्याची पिल्लावळ, डायल्यूशन रेशो, डायल्यूशन होरायझन, डायल्यूशन रिझर्व. पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'विरलीकरण' ठोकून दिलं, तर वकिलांनी शेरा मारून परत पाठवलं की इथे शेअर्सचा काय संबंध. 'सौम्यीकरण' लिहावं तर औषधाच्या बाटलीचा वास येतो. नक्की पातळ काय होतंय इथे? व्याख्येचं वाक्य अर्ध्या पानाचं आहे, तीनदा वाचलं तरी डायल्यूशन म्हणजे बुडीत असं समजायचं की नाही तेच कळेना.

———

बुडीत नाही, तिथेच तर सगळी मेख आहे.

समजा १०० चं बिल केलं आणि गिऱ्हाइकाने ९२ दिले. मधले ८ कुठे गेले? ३ चा माल फुटका निघाला म्हणून परत आला, २ चा रिबेट वर्षाच्या खरेदीवर आधीच ठरला होता, १ चा दर बिलातच चुकीचा लागला होता, आणि राहिलेले २ त्याने स्वतःच्या तुमच्याकडच्या येण्यापोटी वळते करून घेतले. आता बघा, यात गिऱ्हाईक कुठे बुडालंय? पैसे आहेत त्याच्याकडे, ते देतंय पण, फक्त हे ८ ते देणं लागतच नाही. बिल १०० चं दिसत होतं पण खरं येणं ९२ चंच होतं, हे ८ म्हणजे डायल्यूशन.

आणि तेच गिऱ्हाईक दिवाळखोरीत गेलं आणि १०० च्या १०० अडकले तर ते डायल्यूशन नाही, ती पतजोखीम. तुमच्या अर्ध्या पानाच्या वाक्याच्या शेपटीला बघा, "गिऱ्हाइकाच्या दिवाळखोरीमुळे किंवा पैसे देण्याची ऐपत नसल्यामुळे झालेली घट सोडून" अशा अर्थाचं काहीतरी असेलच. सगळी व्याख्या त्या शेपटीवर उभी असते.

———

वरच्या उत्तराला पुस्ती. ही भेदरेषा एवढी जपतात कारण पैसे कोणी भरायचे ते तिच्यावर ठरतं. येणी विनाआश्रय विकली असतील (म्हणजे गिऱ्हाईक बुडालं तर फायनान्सरला विकणाऱ्याकडे मागे वळून पैसे मागता येत नाहीत) तर गिऱ्हाईक बुडाल्याचं नुकसान फायनान्सरचं (किंवा विमा उतरवला असेल तर विमेवाल्याचं), पण डायल्यूशन विकणाऱ्याच्या गळ्यात. कारण माल फुटका पाठवला विकणाऱ्याने, रिबेट कबूल केला विकणाऱ्याने, फायनान्सरने का भोगावं? म्हणून करारात 'डीम्ड कलेक्शन' नावाचं कलम असतं, की ज्या दिवशी ८ ची घट झाली त्या दिवशी विकणाऱ्याला ते ८ जणू वसूल होऊन मिळाले असं धरायचं आणि त्याने ते फायनान्सरच्या खात्यात भरायचे. याला मराठीत 'मानीव वसुली' म्हणा, कायद्याच्या मराठीत डीम्डला मानीव रुळलेलं आहे, नवीन काही काढू नका.

———

शब्दाबद्दल थोडं. मूळ लॅटिनमध्ये 'दिलुएरे' म्हणजे धुऊन टाकणं, विरघळवणं. म्हणजे पाणी घालून पातळ करण्याच्या आधीचा अर्थ धुपून जाण्याचा आहे! मला वाटतं आपल्याला 'धूप' हा शब्द जास्त जवळचा आहे, जमिनीची धूप तशी येण्यांची धूप. वावर तुमचंच, कोणी पळवलेलं नाही, फक्त पावसागणिक वरची माती जाते.

जुन्या कागदपत्रात याच्या शेजारचा एक झकास शब्द आहे, 'मजुरा', अमकी रक्कम मजुरा पडेल म्हणजे हिशेबात वजा धरली जाईल. आता कोणाला कळणार नाही म्हणा. दुकानदारीत कसर, वटाव, सूट हे सगळे आहेत पण ते एकेका प्रकारचे झाले, वटाव म्हटलं की परत आलेला माल त्यात बसत नाही. छत्री एवढी मोठी पाहिजे की सगळे खाली मावले पाहिजेत.

———

धूप छान आहे पण करारात नको हो, कोर्टात कोणीतरी उदबत्ती लावेल. साधं 'घट' घ्या. 'येणेघट'.

बाकी शब्द कुठलाही घ्या, पण 'डायल्यूशन रेशो' (घट भागिले विक्री) करताना खालचा आकडा कुठल्या महिन्याचा ते भाषांतरात गाळू नका, माझ्या पाहण्यात लोक हमखास गाळतात. जानेवारीची विक्री १०००, फेब्रुवारीची २००० (सीझन लागला). फेब्रुवारीत क्रेडिट नोटा (बिलाची रक्कम कमी केल्याचे कागद) निघाल्या ४० च्या. ४० ला २००० ने भागलं तर २ टक्के. पण या क्रेडिट नोटा फेब्रुवारीच्या मालाच्या नाहीतच, माल जाणार, उघडणार, तक्रार येणार, त्यात महिना जातो, म्हणजे त्या जानेवारीच्या बिलांच्या. १००० ने भागा, ४ टक्के. क्रेडिट नोटा त्याच, कंपनी तीच, रेशो दुप्पट. आणि तीन महिन्यांची सरासरी अमुक टक्क्यांवर गेली की नवीन येणी घेणं बंद असं कलम असतं, तेव्हा हा फरक शब्दच्छल नाही राहत.

बिल निघाल्यापासून त्याची घट होईपर्यंत जो काळ जातो तो होरायझन. त्याला 'क्षितिज' लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. 'घट-कालावधी' लिहा.

———

मूळ प्रश्न माझाच. खूप उलगडलं, आभार. आता अजून दोन अडचणी. एक, व्याख्येत 'कॉन्ट्रॅक्च्युअल डायल्यूशन' वगळलंय, का? दोन, 'क्रेडिट अँड रीबिल' पण वगळलंय, हे काय प्रकरण?

———

पहिलं सोपंय. रिबेट, दहा दिवसात पैसे दिले तर २ टक्के सूट, जाहिरातीचा वाटा, ह्या आधीच लिहून ठरलेल्या गोष्टी, किती जाणार ते माहीत असतं. मग त्या रेशोत घालून रेशो फुगवण्यापेक्षा तेवढी रक्कम येण्यांतून सरळ आधीच बाजूला काढतात. रेशो उरतो तो अनपेक्षित घटीसाठी. 'करारठरीव घट' की काय ते तुम्ही बघा, मला नीट सुचत नाहीये. पण एक तपासा, रेशोतून वगळलंय तर दुसरीकडे वजा केलंय ना. दोन्हीकडून सुटलं तर फायनान्सर झोपलेला आहे.

दुसरं जरा वाकडं आहे. बिलावर पत्ता चुकला, ऑर्डर नंबर चुकला, म्हणून जुनं बिल क्रेडिट नोट काढून रद्द करतात आणि त्याच रकमेचं नवीन काढतात. येणं कमी झालेलं नाही, कागद बदललाय, म्हणून कंपनी म्हणते हे मोजू नका, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. पण मी काही वर्षं येण्यांच्या तपासणीचं काम केलंय, एका ठिकाणी बघितलं तर ९० दिवस उलटायला आलेली (म्हणजे लवकरच फार जुनी म्हणून बाद होणारी) बिलं बरोब्बर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात 'पत्ता चुकला' म्हणून रद्द आणि दुसऱ्या दिवशी नवीन तारखेने हजर. जुनी उधारी एका रात्रीत ताजी! पत्ता तर दोन्ही बिलांवर अक्षर न् अक्षर तोच होता. तेव्हापासून मी सांगतो की वगळायचं तर वगळा पण अट घाला, नवीन बिलावर मूळ बिलाची तारीख चालू राहील. तुमच्या मूळ करारात ती अट असेल तर भाषांतरात तिला हात लावू नका, कितीही वाक्य लांबलं तरी.

———

रिझर्वबद्दल कोणी बोललं नाही, म्हणजे घटीपोटी फायनान्सर येण्यांचा जो हिस्सा राखून ठेवतो त्याबद्दल. सूत्र बघून घाबरू नका. वर्षभराची सरासरी घट समजा ४ टक्के, सगळ्यात वाईट महिन्याची ७ टक्के. सरासरीला ताण-गुणक लावायचा, २ धरू (ज्या दर्जाचं मानांकन पाहिजे त्याप्रमाणे तो वरखाली होतो), झाले ८. मग उसळीचा भाग, ७ वजा ४ म्हणजे ३, गुणिले ७ भागिले ४, आले ५.२५. बेरीज १३.२५ टक्के. याला घट-कालावधीतली विक्री भागिले पात्र येणी (ज्यांवर फायनान्सर पैसे द्यायला तयार असतो ती) या गुणोत्तराने गुणायचं, ते १.२ असेल तर १५.९ टक्के. तेवढ्यावर पैसे मिळणार नाहीत.

म्हणजे सरासरी ४ असून कापतात जवळपास १६. एका वाईट महिन्याची किंमत ती. 'डायल्यूशन स्पाइक'ला 'उच्चांकी घट' चालेल, 'खिळा' नको प्लीज.

———

असं केलंय, बघा: "येणेघट म्हणजे परत आलेला माल, सूट, रिबेट, बिलातील चूक, तक्रार, वळती रक्कम किंवा अन्य कोणत्याही कारणाने, रोख वसुली न होता, येण्याच्या रकमेत झालेली घट, मात्र गिऱ्हाइकाच्या दिवाळखोरीमुळे झालेली घट वगळून."

———

दोन दुरुस्त्या. 'दिवाळखोरीमुळे' एवढ्यावर थांबू नका, 'किंवा पैसे देण्याची ऐपत नसल्यामुळे' पाहिजेच, कारण कोर्टात दिवाळखोर न ठरताही माणूस हात वर करतो आणि मग ती रक्कम विकणाऱ्याच्या डोक्यावर बसेल. आणि वाद अजून मिटलेला नाही अशी रक्कम कुठे गेली? मूळ मजकुरात ती निकाल लागेपर्यंत घटीतच धरलीय का बघा.

———

धरलीय, पुढच्या पोटकलमात होती, मी वेगळी समजून सोडली होती. 'येणेघट' कायम करतोय. करारठरीवचं मात्र अजून जमत नाहीये, 'पूर्वनिश्चित घट' कसं वाटतंय?

———

चालेल. मी तरी तेच लिहिलं असतं.