अहिंसा ताटापुरती नाही

जैन अहिंसा म्हणजे खाण्यापिण्याचे नियम, पर्यावरण तिला आजच्या लोकांनी ओढूनताणून चिकटवलं, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला हे पटत नाही. आचारांगसूत्र या प्राचीन जैन धर्मग्रंथाचा पहिलाच अध्याय पाहा. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती आणि हालचाल करणारे प्राणी अशा सहाही जीवनिकायांना, म्हणजे जीवांच्या सहा प्रकारांना, आपण कशी इजा करतो, हाच त्याचा विषय आहे. माती खणणं, पाणी वाया घालवणं हीसुद्धा तिथे हिंसाच.

त्याहून थेट पुरावा म्हणजे गृहस्थाने टाळायची पंधरा कर्मादानं, म्हणजे निषिद्ध धंदे. जंगलतोड, कोळसा पाडणं, जमीन फोडणं, हस्तिदंताचा व्यापार, रानाला वणवा लावणं, तळी-सरोवरं आटवणं, हे सगळं त्या यादीत आहे. ही यादी साधूंसाठी नाही, कमावत्या माणसासाठी आहे. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ताटात काय आहे याआधी पैसा कुठून आला हे ती विचारते. (यामागचा मूळ हेतू कर्मबंध, म्हणजे आत्म्याला कर्म चिकटणं, टाळण्याचा होता, हे मान्य. पण वाचतं ते जंगलच ना?)

अपरिग्रहाबद्दल, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न घेण्याबद्दल, इथे कुणीच लिहिलं नाही, याचं वाईट वाटलं. लेश्यांच्या, म्हणजे मनोवृत्तीच्या सहा पायऱ्यांच्या, जैन दृष्टांतात सहा भुकेले जण जांभळाच्या झाडाजवळ येतात. एक झाड मुळापासून तोडायला निघतो, दुसरा मोठी फांदी, असं उतरत शेवटचा म्हणतो, खाली पडलेली जांभळं पुरेत. भूक सहाही जणांची सारखीच होती.