नागफणी उर्फ ड्यूक्स नोज: हा ड्यूक कोण, आणि वर जायचं कसं?

पनवेलकर
एक्सप्रेसवेने पुण्याला जाताना खंडाळ्याजवळ तो नाकासारखा कडा दिसतो ना, परवा माझ्या बारा वर्षांच्या मुलीने विचारलं बाबा ड्यूक म्हणजे कोण, तर मला सांगताच येईना. आता म्हणतेय डिसेंबरमध्ये तिथे जायचंच. एका ग्रुपचा मेसेज आलाय, ट्रेक प्लस रॅपलिंग (दोराने कडा उतरणं). नेऊ का तिला? कुठून चढतात?

जुनी_पानं
ड्यूक म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. १८०३ ला ह्यानेच आधी नगरचा किल्ला घेतला आणि मग सप्टेंबरात असईला (आताचा जालना जिल्हा) शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. नेपोलियनला हरवलं ती वॉटर्लूची लढाई त्यानंतर बारा वर्षांनी. नाक भलतंच मोठं आणि बाकदार, त्याचेच सैनिक त्याला 'नोझी' म्हणायचे. ड्यूक तो १८१४ ला झाला, म्हणजे हे नाव त्यानंतरच पडलेलं. आपल्या लोकांना तिथे नागाचा फणा दिसला म्हणून नागफणी, मुलीला हे नाव आधी सांगा प्लीज. आणि अजून एक, शेजारच्याच कुरवंडे घाटाने मुघलांचा सरदार कारतलबखान खाली उतरला आणि फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडला. त्या डोंगराला एवढा इतिहास असताना आपण असईत आपल्याला हरवणाऱ्याचं नाक बघत बसतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

घाटवाट
लोणावळा स्टेशनवरून रिक्षाने कुरवंडे गाव, रस्ता आयएनएस शिवाजीवरून जातो, नेव्हीचा भाग आहे त्यामुळे तिथे फोटोबिटो नको. गावातून मळलेली वाट आहे, मुलं आरामात चढतात, माथ्यावर छोटं महादेवाचं देऊळ. खंडाळ्याकडून जंगलातून पण वाट आहे पण तिकडे कातळटप्पा लागतो, लहान मुलीला घेऊन पहिल्यांदा जाताय तर कुरवंड्यानेच जा. पावसाळ्यात निघायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश बघत जा, भुशी डॅमच्या २०२४ च्या दुर्घटनेनंतर कडक झालंय. गावात कुणाच्या अंगणात गाडी लावाल तर विचारून लावा, पाणी-जेवण तिथेच घ्या, वाट त्यांनीच राखलीय.

कातळवेडा
चढायला खुशाल न्या, रॅपलिंगचं मात्र नीट विचारून ठरवा. मी एका ग्रुपबरोबर (नाव घेत नाही) गेलो होतो, पन्नासेक लोकांची रांग, आणि माझा नंबर आला तेव्हा सहज खाली बघितलं तर दोर जिथे कड्याच्या धारेवरून वळतो तिथे खाली गोणपाट नाही काही नाही, दोराचं वरचं विणलेलं आवरण फाटून आतले पांढरे धागे कापसासारखे बाहेर आलेले. मी हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) काढला आणि चालत उतरलो, लोक हसले, हसू देत. बेसॉल्टची धार करवतीसारखी असते हो. फोनवर सरळ विचारा: अँकर (वर दोर बांधायचे आधार) किती, दोन वेगळे हवेतच. बिलेला (उतरणारा सुटला तर वरून धरून ठेवायला) दुसरा दोर आहे का? दोर किती जुना? मुलीच्या मापाचा हार्नेस आणि हेल्मेट आहे का? उत्तर द्यायला जो चिडेल त्याच्याकडे जाऊच नका. आणि कड्यांना आग्या मोहोळं असतात, परफ्यूम नको, शेकोटी नको, आरडाओरडा तर अजिबातच नको.

पनवेलकर
फोन केला. बिलेचं विचारलं तर म्हणे "काका, आजवर काही झालं नाही". कॅन्सल केलं. कुरवंड्याने चालतच जातोय आम्ही दोघं. @घाटवाट सकाळी किती वाजता निघावं?

घाटवाट
सातला गावात पोचा. ऊन चढायच्या आत वर असाल, आणि माथ्यावरून खाली घाटातली रेल्वे दिसते, पोरीला ते फार आवडेल. कड्याच्या टोकाकडे हात धरूनच न्या, तिथे बारीक खडीवरून पाय सरकतो.