सर्व्हर बदलल्यावर पोस्टग्रेसला नोंद सापडत नाही, पण नोंद तर टेबलात आहे

खातेउतारा:

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १३, सेंटओएस ७ या लिनक्सवर, वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं. सेंटओएस ७ चे अपडेट जून २०२४ मध्ये बंद झाले, म्हणून संस्थेनं नवीन सर्व्हर घेतला, त्यावर रॉकी लिनक्स ९. हलवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी पोस्टग्रेस बंद करून अख्खी डेटा डिरेक्टरी आरसिंक या फाइल-कॉपीच्या कमांडनं इकडे आणली. लगेच सुरू झालं, लॉगमध्ये एकही एरर नाही.

आता काउंटरवरून फोन येतायत. सभासद समोर उभा आहे, पासबुक हातात आहे, आणि खाते क्रमांक टाकला की ‘नोंद नाही’. आमचे क्रमांक म्हणजे इंग्रजी अक्षरं, मध्ये डॅश, पुढे आकडे. संपूर्ण यादी काढली तर तोच माणूस यादीत दिसतो! त्याहून वाईट म्हणजे एका क्रमांकाच्या दोन ओळी सापडल्या. त्या कॉलमवर युनिक आहे, म्हणजे एक क्रमांक दोनदा येऊच नये. मग दुसरी ओळ आत गेलीच कशी? डिस्क खराब असेल का? लोकांच्या पैशांचा मामला आहे, झोप लागत नाही.

जुना डीबीए:

डिस्क ठणठणीत असणार. तुमची ओळही सुरक्षित आहे, बिघडलाय तो इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची. घाई करू नका, पण आज काउंटरवरून नवीन खाती उघडणं थांबवा. का ते सांगतो.

मजकुराचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. तुमचा डेटाबेस बहुधा ईएन-यूएस यूटीएफ-८ या लोकेलवर (भाषेच्या नियमांच्या संचावर) बनलेला आहे, म्हणजे कोणतं अक्षर आधी आणि कोणतं नंतर हे लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीला विचारलं जातं. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी २.१७ आहे, रॉकी ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, क्रम लावण्याचे नियम घाऊक बदलले. दोन्ही सर्व्हरवर एक प्रयोग करा: एका ओळीत एक-डॅश-एक, दुसऱ्या ओळीत अकरा, दोन्ही इंग्रजी अंकांत, आणि तोच लोकेल ठेवून सॉर्ट कमांड चालवा. जुन्यावर अकरा आधी येईल, नव्यावर डॅशवालं आधी येईल. तुमच्या खाते क्रमांकांत डॅश आहे. कारण तिथेच आहे.

बी-ट्री इंडेक्स म्हणजे जुन्या क्रमानं रचलेली कार्डं. शोधणारा आता नव्या क्रमानं खण उघडतो, चुकीच्या खणात पाहतो आणि ‘नाही’ म्हणून परत येतो. संपूर्ण यादी काढताना पोस्टग्रेस थेट टेबल वाचतं, म्हणून तिथे माणूस दिसतो. युनिकची तपासणीही याच इंडेक्समधून होते, म्हणून दुसरी ओळ आत गेली. चेकसमचं, म्हणजे डिस्कवरचं पान बिघडलंय का हे पडताळणाऱ्या आकड्यांचं, विचाराल तर त्यांनाही हे पकडता येत नाही, कारण डिस्कवरचं पान शाबूत आहे. डेटाबेसच्या मूळ कोलेशनची (क्रमाच्या नियमांची) आवृत्ती नोंदवून ठेवणं आणि ती बदलली की इशारा देणं हे पोस्टग्रेसमध्ये १५ पासून आलं, म्हणून तुमचं १३ गप्प राहिलं.

आता काम. सगळ्यात आधी आहे त्या स्थितीचा पूर्ण बॅकअप घ्या, बिघडलेल्या इंडेक्ससकट. मग ॲमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेन्शन बसवा, ते पोस्टग्रेसच्या कॉन्ट्रिब या जोड-पॅकेजमध्येच असतं. त्यातलं बीटी-इंडेक्स-चेक हे फंक्शन मजकुराच्या कॉलमवरच्या प्रत्येक इंडेक्सवर चालवा. ते साधं वाचनाचं लॉक घेतं, काउंटर चालू असताना चाललं तरी हरकत नाही. पूर्णांक आणि तारखांचे इंडेक्स या कारणानं बिघडत नाहीत. सी कोलेशनवरचे आणि टेक्स्ट-पॅटर्न-ऑप्स लावलेलेही नाहीत, कारण तिथे तुलना थेट बाइटची असते.

रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधणं, लगेच करू नका. दुबार ओळी असताना युनिक इंडेक्स नव्यानं बनणारच नाही. आधी त्या ओळी शोधा, आणि शोधताना त्या सेशनमध्ये इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे तिन्ही बंद करा. नाहीतर प्लॅनर (शोधाचा मार्ग ठरवणारा भाग) त्याच बिघडलेल्या इंडेक्सवरून मोजेल आणि ‘दुबार काही नाही’ असं सांगेल. हे फार जण विसरतात. नंतर प्रत्येक जोडीत खरी ओळ कोणती हे माणसानंच ठरवायचं: व्हाउचर पाहून, पासबुक पाहून, व्यवस्थापकांच्या सहीनं. स्क्रिप्ट लिहून ‘मोठ्या आयडीची ओळ उडव’ असं कृपा करून करू नका. दोन्ही ओळींवर व्यवहार झालेले असू शकतात. फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाशी जोडणारा दुवा, मजकुराच्या कॉलमवर असेल तर तीही तपासा, तिची पडताळणीही इंडेक्समधूनच झालेली असते.

हे निस्तरल्यावर रीइंडेक्स. कन्करंटली हा पर्याय लावलात तर टेबलात लिहिणं थांबत नाही. मध्येच फसलं तर नावाच्या शेवटी ‘सीसी-न्यू’ असलेला अर्धवट इंडेक्स मागे राहतो, तो काढून टाका.

ग्रंथसूची:

वरचं सगळं बरोबर. मी वाचनालयांच्या सूचींचं काम करते, तेव्हा नावांच्या कॉलमबद्दल थोडं.

नुसत्या सी कोलेशननं मराठी याद्या नीट लागत नाहीत. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष तर क, हलन्त आणि ष असा साठवला जातो, त्यामुळे क्षीरसागर थेट क च्या नावांत जाऊन बसतात. छापील यादीसाठी ऑर्डर बायच्या पुढे आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन द्या, नाव एमआर-एक्स-आयसीयू. पोस्टग्रेस १० पासून ही सोय आहे. इंडेक्स मात्र सी वर ठेवा, यादी दाखवताना तेवढी मराठी. आयसीयूची आवृत्तीही ओएसबरोबर बदलते, पण ती नोंदलेली असते, त्यामुळे निदान इशारा मिळतो.

आणि दादा, दुबार शोधताना नावंही पाहा. कऱ्हाड हा शब्द कोणी नुक्तावाल्या ऱ नं लिहितं, कोणी साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, डेटाबेसला दोन वेगळी गावं. ॲ चंही तेच: एक सलग अक्षर, एक अ वर चंद्र देऊन. एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारं नॉर्मलाइझ फंक्शन १३ मध्ये आहे, पण या दोन जोड्या ते एक करत नाही, तिथे रिप्लेसच लिहावं लागतं. डेटा आत येतानाच एक रूप ठरवा. तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या सगळीकडे हा त्रास आहे, आणि नाव न सापडलेल्या सभासदाला ‘तुमची नोंदच नाही’ असं ऐकायला लागणं वाईट आहे.

खातेउतारा:

दोघांचे मनापासून आभार. प्रयोग केला, अगदी सांगितलं तसंच: जुन्यावर अकरा आधी, नव्यावर डॅशवालं. ॲमचेकनं खाते क्रमांकाच्या आणि नावाच्या इंडेक्सवर क्रम मोडल्याची एरर दिली, तारखांचे इंडेक्स स्वच्छ. दुबार जोड्या कागदावर काढून व्यवस्थापकांकडे दिल्यात, नवीन खाती तूर्त वहीत. आता एवीतेवी हात घातलाच आहे तर १३ वरून थेट १८ वर जावं का?

जुना डीबीए:

जा. १३ ला शेवटचा अपडेट नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाहीत. १८ सप्टेंबर २०२५ चं आहे, प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं आधार मिळतो.

आहे त्या फाइलींवरच आवृत्ती बदलणारं पीजी-अपग्रेड वापरू नका. ते इंडेक्स आहेत तसेच उचलून नेतं. शिवाय १८ मध्ये नवी डेटा डिरेक्टरी बनवणारं इनिट-डीबी चेकसम आपोआप चालू करतं, तुमच्या जुन्यात ते नसतील तर जुळणारच नाही. पतसंस्थेचा डेटा पीजी-डंपनं काढून परत भरण्याइतकाच असणार, आणि परत भरताना सगळे इंडेक्स नव्यानं बनतात. दुबार ओळी मात्र डंपच्या आधी मिटलेल्या हव्यात, नाहीतर युनिक तिथेही अडेल.

नवा डेटाबेस बनवताना लोकेल प्रोव्हायडर बिल्टइन द्या आणि लोकेल सी यूटीएफ-८. हे १७ पासून पोस्टग्रेसच्या आतच आहे, क्रम कोडपॉइंटचा, म्हणजे अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांचा. पुढे ओएस बदललं तरी या इंडेक्सना धक्का नाही. याद्यांसाठी ताईंनी सांगितलं तसं एमआर-एक्स-आयसीयू.

जुना सेंटओएस सर्व्हर फॉरमॅट केला नसेल तर अजिबात करू देऊ नका. नेटवर्कवरून काढा आणि तसाच ठेवा. हलवण्याच्या दिवसापर्यंतचा डेटा तिथे जुन्या ग्लिबसीखाली आहे, आणि तिथले इंडेक्स अजून खरे आहेत. व्यवस्थापकांपुढे एखादी जोडी अडली, तर मूळ ओळ कोणती आणि नंतर शिरलेली कोणती, हे त्या मशीनवर पाहता येईल.