कंडरेची छोटी दुखापत घरी कशी सांभाळलीत?

गादीखाली चादर खोचताना आईचं मधलं बोट अडकलं आणि शेवटचं पेर खाली वाकून राहिलं. दुखत फारसं नाही, पण सरळही होत नाही. एक्स-रेमध्ये हाड शाबूत. डॉक्टर मॅलेट फिंगर म्हणाले, म्हणजे पेर उचलणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुटली. ऑपरेशन नको, पेर सरळ धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, 6 ते 8 आठवडे, रात्रंदिवस. मध्ये एकदा जरी पेर वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून! आईला कणीक मळल्याशिवाय चैन पडत नाही. असल्या दुखण्यांतून गेलेल्यांनी लिहा. ऑपरेशनचे किस्से नकोत, घरचं सांगा.

पोळपाट : मलाही हेच झालं होतं. स्प्लिंटच्या आत घाम साचून कातडी पांढरी पडते, सोलते. म्हणून साफ करावीच लागते. तेव्हा तळहात टेबलावर पालथा ठेवायचा, बोट टेबलाला टेकलेलंच राहू द्यायचं आणि स्प्लिंट पुढे सरकवून काढायची. पुसून, पूर्ण कोरडं करून तशीच परत चढवायची. टोक दुसऱ्या कुणी धरलं तर उत्तम. मधला सांधा मात्र मोकळा ठेवून हलवत राहा, नाहीतर तोही आखडतो. कणीक घरातल्या इतरांना शिकवा, आमच्याकडे शिकले! पेर आता किंचित झुकलेलं आहे, अडत काही नाही.

बाळंतीण : माझं अंगठ्याच्या बुडाशी. बाळाला काखेत धरून उचललं की मनगटापर्यंत कळ जायची. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की जीव जायचा. डी क्वेर्वेन, म्हणजे अंगठ्याच्या कंडरांचं मनगटापाशी होणारं दुखणं. अंगठ्यासकट मनगटाचा पट्टा लावला, पण खरा फरक उचलण्याची पद्धत बदलल्यावर पडला. आता तळवे वर करून, ढुंगणाखाली आणि मानेखाली हात घालून उचलते. सासूबाई तिळाच्या तेलानं हळुवार चोळायच्या, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

घाटवाट : माझी टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस कंडरा. सकाळची पहिली पावलं लंगडत. आराम केला की बरं, चालायला लागलं की पुन्हा तेच. शेवटी फिजिओनं व्यायाम दिला : पायरीच्या कडेवर चवडे, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायावर सावकाश खाली यायचं. 15 चे 3 संच, सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी 1998 साली मांडलेला हा क्रम. थोडं दुखलं तरी चालू ठेवायचं असतं, हेच पटायला वेळ लागला. शीर जिथं टाचेच्या हाडाला चिकटते तिथंच दुखत असेल, तर टाच पायरीखाली उतरवू नका.

पोळपाट : म्हणजे तुम्ही हलवायचं आणि आम्ही हलवायचंच नाही!

घाटवाट : हो ना. तुमची सुटलेली, माझी झिजलेली.

गोळीचा डबा : सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घेताना टाचेमागे दुखू लागलं तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा. या गोळ्यांनी कंडरा सुजते, क्वचित तुटतेही. साठीपुढच्यांना आणि स्टिरॉइड चालू असणाऱ्यांना धोका जास्त.

आंबेहळद : लेपाला कुणी विचारत नाही वाटतं? मुक्या मारावर मी लावतेच. पण टाचेमागे फट्ट झालं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर वाटी खाली ठेवून त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर गाठा.