मदत हवी आहे: सहारला अडकलेले वायफाय कॅमेरे कसे सोडवायचे?

नमस्कार मंडळी. लॅमिंग्टन रोडवर माझं सिक्युरिटीच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. पहिल्यांदाच स्वतः माल मागवला: शेन्झेनहून ६० वायफाय कॅमेरे आणि ४० दार-सेन्सर. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) आहे, बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहारासाठीचा शाखेचा कोड) कस्टम्सकडे नोंदवलाय, आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं विवरणपत्र, भरलंय. तरी माल मुंबई विमानतळावर, सहारच्या एअर कार्गोत पडून आहे.

घोळ मॉडेल नंबरचा. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीच्या आणि डब्ल्यूपीसीच्या (दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे वायरलेस उपकरणाच्या मंजुरीच्या, प्रमाणपत्रावर नंबर ‘के’ने संपतो, खोक्यावर मात्र ‘केडब्ल्यू’ छापलंय. सप्लायर म्हणतो, आतला बोर्ड तोच आहे, फक्त पांढरा रंग म्हणून डब्ल्यू. पण कस्टम्स अधिकारी कागदावर जे आहे तेच बघणार, आणि त्यांचं बरोबरच आहे.

सेन्सरची मला फारशी काळजी नाही. कॅमेऱ्यांची आहे. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेच्या चाचण्याही सक्तीच्या झाल्यात, म्हणजे नवीन नोंदणी काढायची तर वेळ जाणार. आणि ३० दिवसांत माल सोडवला नाही तर कस्टम्स कायद्याच्या कलम ४८ खाली तो विकायला काढू शकतात.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: उत्पादकाकडून ‘दोन्ही मॉडेल एकच’ असं पत्र आणलं तर चालतं, की बीआयएसच्या नोंदणीत हे मॉडेल वाढवूनच घ्यावं लागतं? तोवर कलम ४९ खाली माल गोदामात हलवायचा अर्ज कोणी केलाय का? डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) रोज चढतंय, त्यात दोन सोसायट्यांचा ॲडव्हान्स घेऊन बसलोय.