सहा महिन्यांच्या मुलीचे कान सोनाराकडे टोचावेत की दवाखान्यात?

घोडबंदरची आई
नमस्कार. माझी मुलगी पुढच्या आठवड्यात सहा महिन्यांची होईल. बारशालाच तिचे कान टोचावेत असे सासूबाईंच्या मनात होते, परंतु तेव्हा तिचे वजन कमी असल्यामुळे आम्ही ते पुढे ढकलले. आता जांभळी नाक्याजवळच्या त्यांच्या नेहमीच्या सोनाराकडे जावे असे त्या म्हणतात, तर माझ्या पतींना दवाखान्यात गनने टोचणे अधिक सुरक्षित वाटते. माझी भीती वेगळीच आहे. महाविद्यालयात असताना मी एका दुकानात गननेच कानाची वरची कडा टोचून घेतली होती. चौथ्या दिवशी कान सुजला, पू झाला, आणि पुढे तो बरा झाला तरी ती कडा आजही मुडपलेली आहे. मुलीच्या बाबतीत नेमके काय तपासून निर्णय घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कान-नाक-घसा, नौपाडा
ताई, तुमच्या बाबतीत जे घडले ते कानाच्या कडेचे दुखणे होते; मुलीच्या कानाची पाळी टोचली जाणार आहे, आणि हा फरक फार मोठा आहे. पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तिथली जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरच्या कडेत मात्र कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती वरच्या पातळ आवरणातून पोसली जाते, आणि जंतुसंसर्ग होऊन त्या आवरणाखाली पू साठला की पोषण तुटते, कूर्चा मरते व कानाचा आकार कायमचा बिघडतो. बहुतेक वेळा यामागे स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एकाच दुकानात कूर्चा टोचून घेतलेल्या अनेकांना त्याची लागण झाली, आणि तपासात तो जंतू तिथल्या जंतुनाशकाच्या बाटलीतच सापडला.

गन स्प्रिंगच्या जोराने तुलनेने बोथट टोक आरपार ढकलते, आणि प्लास्टिकचे भाग असलेली गन दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही. एकदाच वापरायचे सीलबंद साधन असेल तर पाळीपुरते मला ते मान्य आहे, कूर्चेसाठी कधीही नाही. टोचणारा कोणीही असो, सुई किंवा तार निर्जंतुक केलेली आहे, हातमोजे नवे आहेत आणि बाळाच्या ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी झालेल्या आहेत, एवढे पाहावे. त्या लसींत धनुर्वाताचे संरक्षण असते.

सोनारकाम, कळवा
आमच्याकडे तारेचे टोक कानशीने घासून धारदार करतात, त्याच तारेने पाळी टोचतात आणि तिथेच ती वळवून बाळी करतात, त्यामुळे ताज्या छिद्रात दुसरी वस्तू घालावी लागत नाही. तार २२ कॅरेटची, म्हणजे ९१.६ टक्के सोन्याची मागावी; स्वस्त बाळ्यांत निकेल असते आणि त्यानेच पुष्कळ मुलांचे कान चिघळतात. आणखी दोन गोष्टी सांगतो. बाळ मांडीवर सरळ बसलेले असताना समोरून पाहूनच दोन्ही पाळ्यांवर खूण करावी, कारण झोपलेल्या बाळाला खूण केली तर एक छिद्र वर आणि एक खाली जाते. बाळी सैल ठेवावी, सूज येणारच असते. वरची कडा टोचायला कोणी आले तर मी त्यांना डॉक्टरांकडेच पाठवतो.

अंबरनाथ, इतिहासप्रेमी
सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय याच विषयावर आहे, आणि तुमच्या मुलीचे वय त्यात बसते: रक्षण आणि भूषण यांसाठी सहाव्या किंवा सातव्या महिन्यात कान टोचावेत, असे तिथे सांगितले आहे. पाळी सूर्यप्रकाशात धरून तिच्यातील ‘दैवकृत छिद्र’, म्हणजे जिथून उजेड आरपार दिसतो ती जागा, शोधावी; मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा; पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरेने, म्हणजे टोच्यासारख्या हत्याराने. पुष्कळ रक्त आले किंवा फार दुखले तर जागा चुकली असे समजावे, हे वाक्य वाचताना जागेच्या फरकाबद्दलचे वरील डॉक्टरांचे म्हणणे आठवले. त्याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही दिलेले आहेत. नाक टोचण्याची चाल मात्र आपल्याकडे बरीच नंतरची. अजिंठा-वेरूळला किंवा आमच्या १०६० सालच्या शिवमंदिरात स्त्रियांच्या कानांत ठसठशीत अलंकार आहेत, पण नाकात काही नाही. नथ नसलेली ती शिल्पे पाहिली की आपण जिला प्राचीन समजतो ती नथ किती अलीकडची आहे हे जाणवते. कानाच्या वरच्या भागात बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी मात्र आपल्याकडे घातली जात असे, म्हणजे कूर्चा टोचणेही आपल्याला नवे नाही.

घोडबंदरची आई
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सोनाराकडेच जाणार आहोत, परंतु तार आधी आमच्या डॉक्टरांकडून निर्जंतुक करून घेऊ. सासूबाई नंतर हळद आणि खोबरेल तेल लावायचे म्हणतात, ते चालेल का?

कान-नाक-घसा, नौपाडा
ताज्या जखमेत दोन्ही नकोत. औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक मिठाचे पाणी मिळते. त्यात स्वच्छ गॉज भिजवून दिवसातून दोनदा पुसावे, बाळी फिरवत बसू नये, आणि पाळी गरम लागली किंवा बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे.